तुम्ही विचारलंत म्हणून: नायगारा, व्हिक्टोरिया आणि आपली दिवाळीची सुट्टी

लग्नात, सोसायटीच्या जिन्यात, नव्या ग्रुपच्या पहिल्या मीटिंगमध्ये प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुम्ही टूर लीडर. जगातला एकच धबधबा बघायचा तर कुठला? नायगारा, व्हिक्टोरिया की इग्वासू?" मी विचारते, "जाणार कधी?" की लगेच चेहरे बदलतात. मी उत्तर टाळतेय असं वाटतं. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं, जिथं तुम्हाला जास्त सुटतं तिथलंच नाव घेणार तुम्ही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मार्चमध्ये ठोसेघरला कोण जातं? एप्रिलमध्ये भिजायला आंबोलीला कोण निघतं? कुणी नाही. पण तोच माणूस झांबेझीचं, म्हणजे आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा जिच्यावर आहे त्या नदीचं, नाव घेताना नदीला ऋतू असतो हे पार विसरतो. धबधबा म्हणजे ताजमहाल नव्हे, कधीही गेलं तरी जागेवर असायला.

झांबेझीला पाऊस आपल्या हिवाळ्यात मिळतो. तो वरून वाहत येईपर्यंत वेळ जातो, म्हणून व्हिक्टोरियाला सगळ्यात जास्त पाणी एप्रिलच्या सुमाराला असतं. सगळ्यात कमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे नेमकं आपल्या दिवाळीत. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथं हे सांगितलं होतं, लेखी सांगितलं होतं. उत्तर आलं, सुट्टी तेव्हाच असते, बुकिंग तेव्हाच होतं. जाहिरातीत फोटो एप्रिलचा.

त्या दिवाळीत मी व्हिक्टोरियाला नेलेल्या ग्रुपमध्ये एक निवृत्त गुरुजी होते. झेडपीच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला होता. फळ्यावर खडूनं झांबेझी काढायची, एक आडवी रेघ मारायची आणि मुलांना सांगायचं, इथं नदी पावणेदोन किलोमीटर रुंदीची होऊन एका भेगेत पडते, 108 मीटर खाली. विमानात त्यांनी मला हे हातवारे करून सांगितलं. त्यांच्या पत्नीनं दोघांसाठी नवे रेनकोट घेतले होते, कारण तिथं समोर उभं राहिलं की माणूस नखशिखांत भिजतो असं गुरुजींनीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

आम्ही झांबियाच्या बाजूला होतो. दरीवरच्या पादचारी पुलावर एप्रिलमध्ये आपला हात आपल्याला दिसत नाही, इतके तुषार उडतात. त्या दिवशी पूल कोरडा होता. समोर काळ्या दगडाचा उभा कडा, त्यावर ओघळांचे पांढुरके डाग, एका फटीतून उतरणारी पाण्याची बारीक धार. दरीचा तळ दिसत होता. पाणी होतं ते पलीकडे, झिंबाब्वेच्या बाजूला. तिकडे मुख्य धबधबा ऑक्टोबरमध्येही पडत असतो. पण आमच्या ग्रुपचा व्हिसा फक्त झांबियाचा होता. तोही कंपनीनं खर्च वाचवायला तसा काढलेला.

गुरुजी कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. मग त्यांनी इतरांना समजावायला सुरुवात केली, सवयीनंच. हा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीत आहे तोच. ह्या भेगा बघा, नदी ह्या भेगा कोरत कोरत मागं सरकलीय, खालच्या नागमोडी दऱ्या म्हणजे तिच्या जुन्या जागा. सगळं बरोबर सांगत होते. सांगता सांगता थांबले आणि मला म्हणाले, "ताई, दगडच बघायचा होता तर मी खंबाटकीत बसलो असतो." आवाज चढवला नाही. त्यांच्या पत्नीच्या हातात ते दोन रेनकोट, दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, घडीही न मोडलेले.

मी त्यांना काय सांगणार होते? पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये या? पेन्शनमधून साठवलेले पैसे होते ते. परतल्यावर ऑफिसनं मला विचारलं, "धबधबा दाखवला ना?" आणि पुढच्या दिवाळीची तीच टूर लावली. ती नोकरी मी सोडली.

आता नायगारा. पूर्वी मी लोकांना सांगायचे, जाऊ नका, तो नळ आहे. आणि ते खोटं नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या 1950 च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडायचं, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं. उरलेलं वीज करायला वळवतात. हे कळल्यावर तिथं उभं राहून मला फसवल्यासारखं वाटायचं. पण त्या पुलानंतर मला माझंच जुनं बोलणं पटेना. मे महिन्यात मुलाकडे गेलेले कुणाचेही आईवडील तिथून कोरडे परत येत नाहीत. त्या करारानं तेवढी हमी दिली आहे. गुरुजींना कुणी दिली होती?

तरी मन पूर्ण वळत नाही. पाणी माणसाच्या हाती गेलं की पुढं काय होतं ते ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवर झालं आहे. पाराना नदीवर ग्वाइरा नावाचा धबधबा होता. पाण्याच्या मानानं जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. 1982 मध्ये इताइपू धरण भरलं आणि तो तलावाखाली गेला. त्याआधी जानेवारीत शेवटचं दर्शन घ्यायला आलेल्या गर्दीनं तिथला एक पूल कोसळला, तीसेक माणसं गेली. तिथं आता कुठल्याच महिन्यात जाऊन उपयोग नाही. जोग धबधब्याचं लिंगनमक्की धरणानंतर काय झालं ते कर्नाटकात जाऊन आलेल्यांनी पाहिलंच आहे. म्हणून नायगाराला हो म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

तर उत्तर हे असं. मेच्या सुट्टीत जाणार असाल तर नायगारा, किंवा व्हिक्टोरिया. पण मेमध्ये व्हिक्टोरियाचे तुषार इतके असतात की कडा धड दिसत नाही, फोटोची आशा सोडून भिजायची तयारी ठेवा. दिवाळीत जाणार असाल तर इग्वासू. बहुतेक वर्षी तिथं तेव्हा पाणी भरपूर असतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इतका पूर आला की पाण्यावरचे पूल बंद करावे लागले, म्हणून हातात दोन दिवस राखून ठेवा. अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही बाजू बघा, व्हिसा दोन्हीकडचे काढा. आणि दिवाळीतच व्हिक्टोरिया हवा असेल तर कंपनीला पैसे भरायच्या आधी विचारा, झिंबाब्वेची बाजू आहे का, आणि ते लिहून घ्या.