खोलून दाखवा ना

"ताई, चालवून नका दाखवू. खोलून दाखवा ना."

उत्तर नागपुरातल्या एका शाळेत आज आमची रोबोटिक्सची पोरं प्रात्यक्षिक द्यायला गेली होती. बोलणारी मुलगी सातवीतली. वडील कूलर दुरुस्त करतात, उन्हाळाभर ती त्यांच्या हाताखाली असते.

पोरांनी रोबोटचं झाकण काढलं. तिने चेनवर बोट दाबून पाहिलं. "ढिली आहे. काहून कसली नाही?" आमच्या कॅप्टनने पाना सरळ तिच्याच हातात दिला. कसली तिने, आणि नीट कसली!

एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत सामन्याचे पहिले 30 सेकंद रोबोट फक्त प्रोग्रामवर चालतो. तेव्हा चेन घसरली तर बाहेर उभ्या पोरांना काहीच करता येत नाही.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः हाताने वस्तू बनवून पाहायच्या सरकारी योजनेतल्या शाळेतल्या प्रयोगशाळा, सहावी ते बारावीसाठी असतात, मंजूर शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. या शाळेत लॅब नाही. आणि आम्ही अहवालात लिहितो काय, तर किती मुलांनी रोबोट पाहिला! हात किती जणांनी लावला, हा रकानाच नाही.

पुढच्या वेळी सुटे भागच घेऊन जाणार आहोत. कोणाकडे जुन्या मोटर, गिअर, पाने पडून आहेत का?