‘दुसऱ्या’ या शब्दाने दिलेली पहिली नोकरी

पदवीचा निकाल लागला तेव्हा माझ्या रिझ्युमेवर चौदा तंत्रज्ञानांची नावं होती. जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट, डॉकर, मशीन लर्निंग, असं बरंच काही. पहिल्याच इंटरव्ह्यूत मला विचारलं, “इंडेक्स लावला की डेटाबेसमध्ये शोध वेगाने होतो ना? मग प्रत्येक कॉलमला तो का लावत नाहीत?” मला उत्तर देता आलं नाही. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी, शोधासाठी वेगळी ठेवलेली यादी. नवी नोंद लिहिताना प्रत्येक इंडेक्सही बदलावा लागतो, त्यामुळे लिहिणं मंदावतं आणि जागाही जास्त लागते, हे मी त्या रात्री वाचून काढलं.

पुढच्या चार महिन्यांत शंभराहून जास्त अर्ज केले. सगळीकडे तोच रिझ्युमे. मोजक्या ठिकाणांहून नकाराचा मेल आला, बाकीच्यांकडून काहीच नाही. मध्येच एक ‘निवड झाली आहे’ असा मेल आला आणि त्यात नोंदणी शुल्क मागितलं होतं. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत नाही, एवढं तेव्हा आठवलं म्हणून वाचले. चार महिने थांबलेल्या माणसाला असा मेल किती खरा वाटतो, हे मला माहीत आहे. म्हणून मुद्दाम लिहितेय.

माझ्यापेक्षा वर्षभर आधी नोकरीला लागलेल्या मैत्रिणीने एकदा रिझ्युमे समोर घेतला. एकेका नावावर बोट ठेवून ती विचारत गेली, “यावर दहा मिनिटं प्रश्न विचारले तर सांगशील?” चौदातली दहा नावं गेली. उरलं पायथन, एसक्यूएल, गिट आणि लिनक्स. “पान रिकामं दिसतंय गं,” मी म्हणाले. “दिसू दे. आता त्यात तू केलेलं काहीतरी लिही,” ती म्हणाली.

केलेलं असं एकच होतं. स्वतःच्या मराठी टिपणांमध्ये शब्द शोधण्यासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो बहुतेक शब्द नीट शोधायचा, पण ‘दुसऱ्या’ शोधलं की काही टिपणं सापडायची आणि काही नाही. शब्द तर त्या सगळ्यांत डोळ्यांसमोर दिसत होता. दोन संध्याकाळी मी शोधाच्याच कोडमध्ये चूक धुंडाळत बसले. शेवटी मी टाइप केलेला आणि न सापडलेल्या टिपणातला, अशा दोन्ही शब्दांतलं एकेक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकासह (संगणक प्रत्येक अक्षर ज्या ठरलेल्या क्रमांकाने ओळखतो, त्यासह) छापून पाहिलं, तेव्हा उलगडलं.

‘ऱ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. पण साधा ‘र’ (०९३०) आणि त्यापुढे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब (०९३सी), अशा दोन चिन्हांनीही तेच अक्षर उमटतं. शिवाय काही जुन्या मजकुरात ‘र’, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह अशी तिसरी जोडणी सापडते. ‘दुसऱ्या’ लिहिताना पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण संगणकासाठी त्या चिन्हांच्या तीन वेगळ्या माळा असतात. पहिल्या दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एका ठरलेल्या रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या नियमाने, एक होतात. तिसरी होत नाही, तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला. तो चालला आणि सगळी टिपणं सापडली तेव्हा झालेला आनंद मला चार वर्षांच्या एकाही परीक्षेत झाला नव्हता.

मी रीडमीत, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, हे सगळं लिहून ठेवलं: काय बिघडलं, का बिघडलं, कसं सुधारलं. नंतर तीच अडचण एका छोट्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा) शोधसाधनातही सापडली. पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल त्यात घ्यावा अशी विनंती, पाठवली. ते सांभाळणाऱ्यांनी टेस्ट (बदल नीट चालतो का हे तपासणारा कोड) मागितल्या, त्या लिहिल्या, आणि तीन आठवड्यांनी बदल स्वीकारला गेला.

कोडिंग राउंडची, म्हणजे इंटरव्ह्यूत कोड लिहून दाखवायच्या फेरीची, तयारी मात्र वेगळी करावी लागली, ती या कामाने होत नाही. रोज कोडिंगची दोन गणितं, तीही मोठ्याने बोलत सोडवायची. बायनरी सर्च, म्हणजे दर वेळी अर्धी यादी वगळत शोधणं, लिहून दाखवणं सोपं असतं. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत वीस तुलनांत उत्तर कसं मिळतं, हे लिहिता लिहिता समजावून सांगणं मला महिनाभर जमत नव्हतं. समोरच्याला आपला विचार ऐकायचा असतो. गप्प बसून अचूक उत्तर लिहिलं तरी त्याच्या हाती फारसं लागत नाही.

ज्या इंटरव्ह्यूतून नोकरी लागली, तिथे त्यांनी रीडमी आधीच वाचला होता. पाऊण तासातला अर्ध्याहून जास्त वेळ आम्ही ‘ऱ’वरच बोललो. “साठवताना नॉर्मलाइझ करायचं की शोधताना?” मी म्हणाले, शोधाचा इंडेक्स बनवताना आणि शोधायचा शब्द आल्यावर, दोन्हीकडे सारखंच, मूळ मजकूर मात्र होता तसाच ठेवायचा. “मूळ का ठेवायचा?” “नियमात माझी चूक निघाली तर परत तिथून सुरुवात करता यायला हवी.” त्यावर ते वहीत काहीतरी लिहीत राहिले. मग एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, तेव्हा तसं सांगितलं आणि ते कसं शोधेन तेही सांगितलं.

नऊ दिवसांनी ऑफर लेटर आलं. प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस पिरियड किती, हे दोनदा वाचून मग सही केली. पहिल्या आठवड्यात हाती आलेलं काम होतं ग्राहकांच्या नावांचा शोध.