180 प्लेटा आणि पावणेतीनशे माणसं

मी दादरजवळच्या एका कॉलेजात हॉस्पिटॅलिटी शिकवते. पाहुण्याला ताटकळत ठेवू नये हे पोरांना शिकवायचा पगार घेते. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना हसू आलं तर हसा.

ऑगस्टमधला शनिवार, गणपती तोंडावर आलेले, आणि आमच्याकडे सण आणि पर्यटन या विषयावर एक दिवसाचा सेमिनार. 2025 च्या जुलैमध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला, त्यामुळे पेपर धो धो आलेले (प्रमोशनचे पॉइंट हेही कारण असतंच, उगाच कशाला लपवा). केटररला 180 प्लेटा सांगितल्या. पुरी, व्हेज कोल्हापुरी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा.

सकाळी पाऊस असा की गाड्या चाळीस-चाळीस मिनिटं लेट. साडेनऊला हॉलमध्ये मोजून 34 डोकी, तीही मागे बसलेली. दीपप्रज्वलनाच्या फोटोत रिकाम्या खुर्च्या येणार म्हणून सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी एफवाय-एसवायच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "लगेच हॉलमध्ये या, अटेंडन्स मिळेल, जेवण आहे." 'जेवण आहे' लिहायची मला काय गरज होती देव जाणे. वीस मिनिटांत हॉल भरला. मग अकरापर्यंत गाड्याही रुळावर आल्या, पनवेल, कल्याण, वसईचे सगळे भिजत भिजत पोचले. तेव्हाच आकडा बघायला हवा होता. नाही बघितला.

कीनोट छान झालं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा 1893 चा गणपती, आणि तिथली मूर्ती अजून छोटीच ठेवलीय हे. मग समाजशास्त्रज्ञ मॅककॅनेलने 1973 मध्ये मांडलेला मुद्दा, की पर्यटकाला 'आतलं खरं' बघायची हौस असते म्हणून 'आतलं'सुद्धा सजवून पुढे मांडलं जातं. मंडप आणि मंडपामागचं पत्र्याचं शेड, असं उदाहरण देऊन सांगितलं. मी अर्धं ऐकलं कारण माझं लक्ष आमच्या मागच्या शेडकडे, म्हणजे जिन्याखाली मांडलेल्या गॅसकडे.

दुसऱ्या सेशनला आमच्या टीवायच्या एका मुलाचा पेपर होता. लालबागचा पोरगा, चौथीपासून गल्लीतल्या मंडळात. विषय दर्शनाची रांग. नवसाची लाइन वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि माणूस आठ आठ तास उभा राहतो तो कसा. रांगेत थांबणाऱ्यांच्या मानसिकतेवरचा डेव्हिड मेस्टरचा 1985 चा लेख त्याने नीट वाचलेला: रिकामं उभं राहिलं की वेळ लांब वाटतो, किती थांबायचंय हे माहीत नसलं की आणखी लांब वाटतो. सेशन चेअर मॅडमनी विचारलं, सॅम्पल साइज किती? हा म्हणाला, "मॅडम, रात्री दीड वाजता लाइनीत फॉर्म कोण भरणार?" हॉल हसला, मॅडम नाही हसल्या. सातव्या मिनिटाला बेल.

एक वाजता जेवण सुटलं आणि सव्वाला केटरर माझ्या कानाशी, "मॅडम, 180 चं बोलणं होतं, ही पावणेतीनशे तरी आहेत, पुऱ्या वीस मिनिटांत संपतील." रांग जिन्यावरून खाली वळलेली, पुढे सगळी आमचीच पोरं, पाहुणे मागे. एक निवृत्त प्राध्यापक मोठ्याने म्हणत होते, हेच का तुमचं आतिथ्य. माझे हातपाय गार.

तो लालबागचा मुलगा कुठून आला माहीत नाही. म्हणाला, "मॅडम, लाइन तोडू का?" मी म्हटलं तोड बाबा. त्याने आधी एफवाय-एसवायला बाहेर काढलं, सरळ सांगितलं, "तुमचं जेवण दोन वाजता, मिळणार नक्की, तोवर वर जाऊन सर्टिफिकेटवर नावं घाला." पोरं चक्क गेली! मग दोन लाइनी, दुपारी पेपर असणाऱ्यांची वेगळी. मठ्ठ्याचं पातेलं काउंटरवरून उचलून लाइनीतच वाटायला लावलं, "हातात काहीतरी पाहिजे मॅडम, नायतर तोंड चालतं." आणि स्वतः मागे फिरत प्रत्येकाला आकडा. त्या प्राध्यापकांना, "सर, तुमच्यापुढे 22 आहेत, दहा मिनिटं." सर गप्प. घड्याळ बघितलं, मठ्ठा प्यायला. बारा मिनिटं लागली तरी काही बोलले नाहीत.

चेअर मॅडमही लाइनीत. "पुढे किती रे?" "31, मॅडम." आणि माझ्याजवळून जाताना तो हळूच, "सॅम्पल साइज."

मला इतकं हसू आलं की मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले.

पोरांसाठी नाक्यावरून 90 वडापाव आणले, दोनच्या ठोक्याला. जिलेबी मात्र कुणाला मिळाली कुणाला नाही, त्यावरून थोडी बाचाबाची झालीच. दुपारी कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत 2021 मध्ये जागा मिळाली, आपलं काय, यावर जोरदार चर्चा झाली म्हणे, मी भांडी मोजत होते.

सोमवारी अकाउंटला 1800 चं व्हाउचर दिलं. परत आलंय. वडापाववाल्याकडून जीएसटी बिल आणा म्हणतायत.