तुम्ही विचारलेत म्हणून : म्हणींमधली काटकसर

ग्रामीण म्हणींचा विषय निघाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : काटकसरीच्या आणि स्वावलंबनाच्या या म्हणी म्हणजे गरिबीला दिलेले गोंडस नावच नव्हे काय? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गरिबी त्यांत आहेच, परंतु तिच्याहून अधिक आहे तो हिशेब. कोरडवाहू शेतीत धान्य घरात येते ते वर्षातून एकदा, फार तर दोनदा, आणि खाणारी तोंडे मात्र रोजची असतात. त्यामुळे सुगीत भरलेली कणगी पाहून ज्या घराने हात सैल सोडला, त्या घराला मृगाच्या तोंडावर खायचे काय आणि पेरायचे काय, हा पेच पडल्याशिवाय राहत नसे. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' हे अशा घरात शिल्लक धान्याकडे बघून म्हटले जाई. त्यात उपदेशाचा भाग थोडाच.

काटकसर प्रत्यक्षात कशी चाले, हे लुगड्यावरून चांगले कळते. नऊवारी लुगडे मधोमध विरले की तो भाग कापून टाकायचा, उरलेली दोन टोके जोडून दांड घालायचा आणि ते पुन्हा नेसायचे. दांडही फाटला की त्याची गोधडी, आणि गोधडीच्या चिंध्या झाल्या की चुलीपाशी पोतेरे. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे सांगणाऱ्या बाईने ते अंथरूण अनेकदा स्वतःच शिवलेले असे.

मात्र या म्हणी सर्वस्वी न्याय्य आहेत, असे मी म्हणणार नाही. 'ऋण काढून सण' हा टोमणा कर्जाचा सारा दोष कर्जदाराच्या हौसेवर टाकतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून जो उठाव पसरला आणि ज्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते हुडकून जाळली, त्याच्या मुळाशी अमेरिकेतील यादवी संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव होते, वाढवलेला शेतसारा होता आणि सावकारी व्याजही होते. म्हणीच्या नजरेत यातले काहीच येत नाही.

स्वावलंबनाचेही तसेच. 'आपला हात जगन्नाथ' म्हणणारा कुणबी नांगराच्या फाळासाठी लोहाराकडे आणि मोटेच्या कातड्यासाठी चांभाराकडेच जाई, आणि त्याबद्दल सुगीला बलुते देई. 'गाव करी ते राव न करी' ही म्हणही त्याच्याच तोंडी होती, आणि त्याला यात विसंगती वाटत नसे; आळसावलेल्या मुलाला पहिली ऐकवायची, बांध घालायला चार माणसे जमवायची असली की दुसरी.

चिक्कूपणाचे म्हणाल, तर त्याची सर्वांत बोचरी थट्टा म्हणींनीच केली आहे. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' ही त्यातली प्रसिद्ध. पण मला अधिक मार्मिक वाटते ती 'दात कोरून पोट भरत नाही', कारण मिळकतच तुटपुंजी असेल तर नुसत्या बचतीने भागत नाही, हे ती स्वच्छ सांगते. काटकसरीवर व्याख्याने देणाऱ्या सुखवस्तू मंडळींच्या तोंडून ही म्हण मी अद्याप ऐकलेली नाही.