रोझमेरीच्या पाटीखाली

तळमजल्यावर घर घेण्याचे तोटे पुण्यात कुणीही सांगेल. डास, घुशी, वरच्यांच्या धुण्याचं टपटपतं पाणी. फायदा एकच, स्वयंपाकघराच्या खिडकीमागचा दहा बाय सहाचा मातीचा पट्टा. २०२० साली सगळे घरात कोंडून होतो तेव्हा मी त्याचा ‘औषधी कोपरा’ केला. गवती चहा, तुळस, पुदिना, पानओवा, अडुळसा, कोरफड. शिवाय हौस म्हणून ऑनलाइन मागवलेला विलायती संच: रोझमेरी, थाइम, ओरेगानो, आणि प्रत्येकाला सुबक अक्षरांतली लाकडी पाटी. पुण्याच्या पावसात रोझमेरीने दीड महिन्यात राम म्हटला, बाकीचे दोघे तिच्या मागोमाग गेले. रोझमेरीची पाटी मात्र चांगल्या लाकडाची असावी. ती अजून उभी आहे.

मग ऑफिसं सुरू झाली आणि कोपरा खिडकीतून बघण्यापुरता उरला. भांडी घासताना हिरवं दिसायचं. त्या हिरव्यात कोण कोण आहे, हे वाकून बघायला सवड कुणाला होती?

यंदा आषाढ संपत आला तशी नवऱ्याने बातमी दिली, “आई श्रावणभर इकडे राहायला येतेय.” सासूबाई कोरेगावकडच्या. उभा जन्म शेतात गेलेला. त्यांच्या नजरेला हा कोपरा पडणार, या धास्तीने रविवारी सकाळी हातमोजे चढवून मी मागे उतरले.

पुदिन्याच्या जागी आंबुशीची गादी झाली होती. तीन-तीन बदामी पानं, मधून चिमुकली पिवळी फुलं, दिसायला अगदी गरीब. तिच्या शेंगा भेंडीच्या बाळासारख्या उभ्या असतात. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती तडकते आणि बिया चौफेर उडतात. दोन-चार माझ्या चष्म्यावर आपटल्या. म्हणजे मी आंबुशी उपटत होते आणि त्याच हाताने पुढची पेरणीही करत होते. गवती चहाच्या बुंध्यात लव्हाळा घुसला होता. दोन्हींची पाती लांब, दोन्ही हिरवी. शेवटी चुरगळून वास घेतला तेव्हा चहा कुठला ते कळलं. लव्हाळा ओढला की बारीकसा ‘कट्’ आवाज यायचा आणि हातात नुसता पाला. खाली काय राहिलं याचा विचार मी केला नाही. भिंतीलगत उंच, खरखरीत तुऱ्यांचं काहीतरी माजलं होतं, त्याची कुसळं सलवारीला चिकटली. तेही उपटलं. तीन तासांत जमीन लख्ख. फोटो काढून बहिणींना पाठवला.

सासूबाई आल्या, चहा घेऊन मागे गेल्या, पदर खोचून जरा वेळ बघत राहिल्या.

“कुणाकडनं भांगलून घेतलंस गं?”

“मीच केलं, आई.”

“झ्याक केलंस.” मग भिंतीकडे बघत, “आन् आघाडा कुठाय?”

भिंतीलगतचं ते खरखरीत म्हणजे आघाडा. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते, हे मला माहीत होतं. आघाडा ओळखता येत नव्हता, एवढंच. कारण मी तो जन्मभर दोऱ्याने बांधलेल्या जुडीतच पाहिलेला. दूर्वाही मी ‘हरळी माजलीय’ म्हणून काढून टाकल्या होत्या. शुक्रवारी मंडईबाहेर वीस रुपये मोजून आघाडा-दूर्वांची जुडी आणली. रविवारी मी असले दोन भारे घंटागाडीत घातले होते. ‘तण खाई धन’ म्हणतात ते शेतकऱ्याचं. माझं धन तण उपटल्यामुळे गेलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी बेचाळीस वर्षांच्या लेकाला पाटावर बसवून ओवाळलं आणि तो मान खाली घालून हसत होता. कशाला, ते मी विचारलं नाही.

आठवडा जातो न जातो तोच लव्हाळा परत आला. पहिल्यापेक्षा दाट. मी चिडले, सासूबाई खूश झाल्या. त्यांना काम मिळालं.

“खुरपं आण.”

माझ्याकडे नर्सरीतून घेतलेला गुलाबी दांड्यांचा संच होता. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि नातीच्या खेळण्यांत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जुन्या बाजारात पिटाळून खरं खुरपं आणवलं. तरी लगेच हात घातला नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता, चिखलात भांगलायचं नसतं म्हणे. माती तुडवून घट्ट होते आणि उपटलेलं तण तिथल्या तिथे पुन्हा जीव धरतं. दोन दिवस थांबून मातीची मूठ दाबून बघितली, ढेकूळ बोटाने सहज फुटलं, तेव्हा म्हणाल्या, “आला वाफसा.”

आमच्याकडे ‘बागेची साफसफाई’ असा एकच सरकारी शब्द. त्यांच्याकडे भांगलण. कोकणातल्या माझ्या मैत्रिणीकडे बेणणी, आणखी कुठे निंदणी, कुठे खुरपणी. भांगलायला बायका ओळीने बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला येते ती पात. एकीची पात मागे राहिली की शेजारीण आपली सांभाळून तिची ओढते. आमच्या दहा बाय सहात दोन पाती पडल्या. माझी कायम मागे. त्या उकिडव्या बसून पुढे सरकत होत्या आणि मी दर पाच मिनिटांनी कंबर धरून उभी राहत होते.

लव्हाळ्याशी त्यांनी ओढाताण केलीच नाही. खुरपं बाजूने खोल घालून माती उचलली आणि बोटांनी चाळली. खाली दोऱ्यात ओवाव्यात तशा काळ्या गाठी, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. “वरनं उपटलंस की खालच्या निजलेल्या गाठी जाग्या होत्यात,” त्या म्हणाल्या. मग एक गाठ नखाने फोडून माझ्या नाकाशी धरली. मी थक्क झाले. तो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा वास होता! हाच नागरमोथा. उटण्याच्या पुडीवर हे नाव मी दर वर्षी वाचते आणि पैसेही मोजते. म्हणून लव्हाळ्याबद्दल मला माया वाटू लागली, असं मात्र मुळीच नाही. गाठी घमेल्यात जमवून वाळवल्या आणि टाकल्या.

गाजरगवताची दोन रोपं निघाली. त्यांना हात लावताना सासूबाईंनी मुठीला पिशवी गुंडाळली, कारण त्याने अंगावर पुरळ उठतं, आणि फूल यायच्या आतच ते काढावं लागतं. मूळचं अमेरिकेकडचं हे गवत आपल्याकडे नजरेत भरलं ते १९५५च्या सुमारास, पुण्यातच. त्या हिशेबाने ते आमच्यापेक्षा जुनं पुणेकर. गुडघा फुटला की लहानपणी जिचा पाला चोळून लावायचो ती एकदांडीही तिकडचीच, पण तिला परकी म्हणायला जीभ रेटत नाही.

घोळ मात्र त्यांनी काढू दिली नाही. लालसर, मांसल देठ, जमिनीलगत पसरलेली. तिच्याच शेजारी तिच्यासारखंच अंग टाकून दुसरं काहीतरी होतं. दोन्हींचे देठ त्यांनी माझ्यासमोर मोडले. एकातून पाणी आलं, दुसऱ्यातून पांढरा चीक. “चिकाची टाकायची. ही कढईत.” हरभऱ्याची डाळ आणि ठेचलेला लसूण घालून भाजी झाली, किंचित आंबूस, बुळबुळीत म्हणता म्हणता संपली. पोरीने भाकरी मागून घेतली, जे घरात सहसा घडत नाही.

जाताना त्या भिंतीलगत आघाड्याचं बी टाकून गेल्या, पुढच्या श्रावणासाठी. उघड्या मातीवर सोसायटीच्या झाडलोटीतला पालापाचोळा पसरला. त्यांच्या शेतात हे काम उसाचं पाचट करतं. आंबुशी सगळी निघाली नाहीच. रोझमेरीच्या पाटीखाली तर ती पुन्हा मस्त गुबगुबीत झाली आहे.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीशी थांबल्या. पाटी वाचली, वाकून दोन पानं खुडली, तोंडात टाकली.

“अगं, किती छान आंबट लागते गं तुझी रोझमेरी! थोडी देशील का कुंडीत लावायला?”

मी खुरपं आणायला आत गेले.