रोपं नंतर, आधी खुंट मोजा: हरसूलच्या उतारावरच्या मालकी रानाचं चौथं वर्ष

जागा त्र्यंबकेश्वर तालुक्यातली, हरसूलच्या बाजूची. चार एकर मुरमाड वरकस, म्हणजे हलकी उताराची जमीन, खाली भाताची खाचरं, वरच्या अंगाला वनखात्याची हद्द. झाडं ऐन, साग, धावडा, हेद, अधूनमधून मोह आणि बिवळा. चार वर्षांत इथे लावलेली रोपं अगदी थोडी. वाढलंय ते बहुतेक जुन्या खुंटांतून, म्हणून यंदाच्या नोंदीही लागवडीपेक्षा राखणीच्याच जास्त आहेत.

खुंटांची मोजणी

रान बोडकं दिसतं म्हणून लगेच खड्डे घ्यायला निघू नये. दोरी घेऊन १० बाय १० मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यातले जिवंत खुंट मोजायचे. असे दहा-बारा चौकोन रानाच्या वेगवेगळ्या भागांत घ्यावेत: माथा, मधला उतार, ओहोळाची कड. खुंट जिवंत आहे का हे नखानं कळतं. साल खरवडली की आत हिरवी ओल दिसली पाहिजे. एका चौकोनात चार जिवंत खुंट मिळाले तर ती ५ बाय ५ मीटरवरची लागवडच झाली, आणि तीही अशा मुळांची, जी कित्येक उन्हाळे काढून मुरमात खोल गेलेली आहेत. नर्सरीतलं दीड फुटी रोप त्यांची बरोबरी करू शकत नाही. या तुकड्यात लागवडीची खरी गरज फक्त माथ्यावरच्या उघड्या पट्ट्याला निघाली.

ऐनाचा खुंट जवळून बघण्यासारखा असतो. गुडघाभर उंची, डोक्यावर मुठीएवढ्या गाठी, आणि प्रत्येक गाठीवर कोयत्याचे जुने घाव. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा भाजायला, दरवर्षी त्याच जागी फांद्या तोडल्याची ती खूण. त्या गाठींतून पावसाळ्यात दहा-पंधरा धुमारे एकदम फुटतात आणि एकमेकांची वाढ मारतात.

विरळणी अशी केली: पहिल्या वर्षी काहीच कापलं नाही. दुसऱ्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक खुंटावर दोन धुमारे ठेवले, तेही जमिनीलगत फुटलेले. वर गाठीवर फुटलेला धुमारा कितीही जाडजूड दिसला तरी तो ठेवू नये. त्याचा सांधा कच्चा असतो, वाऱ्यानं फाटतो, आणि जुना खुंट कुजला की कूज त्याच्यात उतरते. खालचा धुमारा पुढे स्वतःची मुळं धरतो. दुसरा फक्त राखीव. पहिला नीट धरला की पुढच्या हिवाळ्यात तो काढायचा. कापणी धारदार कोयत्यानं, तिरकी, पाणी निथळेल अशी. पावसाळ्यात कापलं की महिनाभरात पुन्हा तितकेच धुमारे, सगळी मेहनत वाया. यंदा मधल्या उतारावरचे राखीव धुमारे काढून झाले, ओहोळाकडचे बाकी आहेत.

राब पूर्ण बंद करा असं शेजाऱ्याला सांगून चालत नाही, भाताची रोपं त्यावर उभी असतात. झाडं तीन गटांत वाटून दर वर्षी एकाच गटाच्या खालच्या फांद्या घेणं, शेंडा आणि वरचा एक तृतीयांश भाग न शिवणं, एवढं मान्य होतं. चारसूत्री (चार नेमांच्या सुधारित लागवडीचे) भातवाले वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख आणि खाचरात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला वापरतात, त्यानं ऐनावरचा भार बराच उतरतो. गिरिपुष्प मात्र बांधावरच ठेवा, रानात नको.

घाणेरी

घाणेरीचं (लँटाना) काटेरी झुडूप नुसतं तोडलं की दुप्पट फुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी बहुतेक ठिकाणी अजून तोडच चालते. खोड आणि मूळ जिथे जुळतात तो गड्डा फुटव्यांचं घर. जमिनीखाली तीन-चार बोटं माती बाजूला करून, गड्ड्याच्या खाली मुख्य मूळ टिकावानं छाटायचं, झुडूप अख्खं उचलायचं आणि उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. आडवं पडू दिलं तर ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. फळं पिकण्याआधी हात घालावा. पक्षी बिया झाडाखाली टाकतात, म्हणून पहिल्या पावसानंतर मोठ्या झाडांखाली उगवलेली बोटभर रोपटी हातानं उपटण्याची एक फेरी ठेवा. ही फेरी चुकली की वर्षाचं काम मातीत जातं. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसाळ्यात मारवेल आणि पवण्याचं बी टाकलं. गवत आलं नाही तर रानमोडीचं तण येतं.

दिवाळीनंतर: जाळपट्टा

या भागात रान मरतं ते वणव्यानं. गवत वाळलं की कापायचं आणि चारा म्हणून शेजाऱ्यांना फुकट न्यायला सांगायचं, बदल्यात होळीपर्यंत नजर ठेवायची. गवत घरी गेलं की जळायलाही कमी उरतं.

जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळी ठेवलेली पट्टी, हद्दीनं सगळीकडे ३ मीटर, पण खालच्या अंगाला ६ मीटर. आग चढाला पळते. ज्वाळा पुढच्या गवताला आधीच तापवतात आणि वर येईपर्यंत लांब झालेल्या असतात. मधल्या उतारावर आडवा पट्टा काढण्यात अर्थ नाही, तिथे आग ऐन जोरात असते. माथ्यावर काढावा, आणि अगदी धारेवर न काढता किंचित पलीकडच्या बाजूला. वरच्या बाजूनं आग येण्याची भीती असेल तर निराळी काळजी: जळती लाकडं घरंगळत खाली येतात, म्हणून पट्ट्याच्या वरच्या कडेला वीतभर खोल चर. पट्ट्यालगत वाळून उभं खोड असेल तर ते आत ओढून टाका. उभं जळलं की ठिणग्या पट्टा ओलांडून पडतात.

चूक बहुतेकांची एकच: पट्टा डिसेंबरात साफ करून विसरायचा. साग आणि ऐन त्यानंतर मार्चपर्यंत पानं गाळत राहतात आणि फेब्रुवारीत पट्ट्यावर पुन्हा पानांची गादी तयार असते. इथे तीन झाडण्या ठेवल्या आहेत: जानेवारीचा शेवट, फेब्रुवारीचा शेवट, मार्चचा मध्य. झाडलेला पाला पट्ट्याच्या कडेला ढीग करून ठेवू नये. आत दहा मीटर नेऊन पातळ पसरावा. पट्टा जाळून काढायचा असेल तर दव असताना, पहाटे, पाण्याचे पंप आणि माणसं हाताशी घेऊन, वनरक्षकाला आधी सांगून.

मोहाचं वेगळं. फुलं वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग रानात शिरते. मोह फुलायच्या आधी आपणच प्रत्येक मोहाखाली पाच मीटरचा घेर झाडून द्यावा, जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून द्यावी. वेचणाऱ्यांना काडी ओढायचं कारणच उरत नाही. पुढचा सगळा खर्च या अर्ध्या दिवसाच्या कामानं वाचतो.

आग लागलीच तर करपलेलं रान मेलं असं धरू नका. करपलेले कोवळे धुमारे मृगाआधी जमिनीलगत छाटले की साग आणि ऐन सरळ नवा फुटवा देतात.

माथ्यावरची भर

जांभूळ आणि मोहाचं बी साठवून टिकत नाही. जूनमध्ये गोळा केलं की पंधरवड्याच्या आत लावा. बिवळ्याच्या चपट्या शेंगेची पंखाची कड कात्रीनं कापून रात्रभर भिजवा. हिरड्याचा गर काढूनच लावा, आणि उगवायला वेळ घेतो म्हणून वाफा मोडू नका. खड्डा ४५ सेंटिमीटरचा तिन्ही बाजूंनी. कच्चं शेणखत घातलं की वाळवी येते.

कुंपणापेक्षा करवंदीची जाळी भरवशाची. जाळीच्या पोटात, काटे बाजूला सारून लावलेलं रोप शेळीच्या तोंडाला लागत नाही. उघड्यावरच्या खड्ड्यांतली बरीच रोपं कुरतडली गेली, जाळीतली तगली. शेंडा दोन मीटर वर जाईपर्यंत शेळीला बंदी, गायीबैलांना त्याआधी दीड मीटरवर परवानगी देता येते.

सप्टेंबरात सागाची पानं चाळणीसारखी झाली होती. पानं खाणाऱ्या अळीचं काम, झाड मरत नाही. फवारणी केली नाही.

कागद

मालकीच्या जमिनीत उभं असलं तरी साग, ऐन, खैर, मोह, हिरडा, तिवस ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमात येतात. तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. सातबाऱ्यावर खासगी वनाची नोंद आहे का हे सगळ्यात आधी पाहा. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यानं अशा जमिनी ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारकडे गेल्या, आणि ती नोंद असेल तर कोयता उचलण्याआधी तहसीलला जावं लागतं. मोजणीची खूण हद्दीवर रोवलेली असू द्या. वनखात्याच्या बाजूला दोन मीटर आत शिरलेला पट्टा विनाकारण वाद उभा करतो.

पुढच्या हंगामापूर्वी ओहोळाकडचे राखीव धुमारे, माथ्याच्या पलीकडच्या पट्ट्याची पहिली झाडणी आणि मोहांखालचे घेर, याच क्रमानं.