कॅनबेरात १९४१ शोधताना

सिडनी-मेलबर्नला मुलांकडे आलेली आपली मंडळी कॅनबेरा बहुतेक वेळा एका दिवसात उरकतात. सकाळची बस, नवं संसद भवन, युद्धस्मारक, तळ्याकाठी फोटो, रात्री परत. माझं सांगणं एवढंच, की एक रात्र मुक्काम करा आणि एकच वर्ष मनात धरून हे शहर पाहा. १९४१. ऐन महायुद्धात, त्या एका वर्षात या देशाला तीन पंतप्रधान मिळाले. जिथे हे घडलं ते सभागृह आज कोणालाही आत जाऊन पाहता येतं.

सुरुवात जुन्या संसद भवनापासून करा, युद्धस्मारकापासून नको. स्मारकात इतकं पाहायला आहे की नंतर दुसरं काही डोक्यात शिरत नाही. ही पांढरी, बैठी इमारत १९२७ मध्ये तात्पुरती म्हणून उघडली आणि १९८८ पर्यंत संसद तिथेच भरत राहिली. आता तिथे ऑस्ट्रेलियन लोकशाहीचं संग्रहालय आहे. पंतप्रधानांच्या दालनाची आजची मांडणी १९८० च्या दशकातली आहे, त्यामुळे तिथे १९४१ शोधू नका. ते शोधायचं हिरव्या गाद्यांच्या प्रतिनिधिगृहात.

सभागृह अपेक्षेपेक्षा फारच लहान निघतं. समोरचा माणूस कपाळाला आठ्या घालतोय की हसतोय, हे पलीकडच्या बाकावरून सहज दिसावं इतकं. १९४० च्या निवडणुकीत कोणालाच स्पष्ट बहुमत नव्हतं आणि सरकार दोन अपक्षांच्या भरवशावर उभं होतं. एक आर्थर कोल्स, ज्यांच्या घराण्याने सुरू केलेल्या दुकानांतून आज इथली मराठी घरं डाळ-तांदूळ आणतात. दुसरे अलेक्झांडर विल्सन, व्हिक्टोरियातले गव्हाचे शेतकरी. पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज १९४१ चे सुरुवातीचे महिने लंडनमध्ये होते. परतले तेव्हा स्वतःच्याच लोकांचा विश्वास उरला नव्हता. ऑगस्टअखेर त्यांनी पद सोडलं आणि आर्थर फॅडन आले. ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, त्यांच्या अर्थसंकल्पावर मतदान झालं. विरोधी पक्षाची मागणी होती खर्चातून एक पौंड कमी करण्याची. आपल्याकडच्या कपात सूचनेचाच प्रकार. दोन्ही अपक्ष विरोधकांकडे गेले, ३६ विरुद्ध ३३ मतांनी सरकार पडलं आणि ७ ऑक्टोबरला मजूर पक्षाच्या जॉन कर्टिन यांचा शपथविधी झाला.

सोबत आई होती. तिने विचारलं, "अरे, लढाई चालू असताना सरकार पाडलं? लोकांनी शिव्या नाही घातल्या?" मी तिला १९४३ ची निवडणूक सांगितली. त्याच लोकांनी कर्टिनना मोठं बहुमत दिलं. मला ३ ऑक्टोबरच्या त्या मतदानाबद्दल मनापासून आदर वाटतो. युद्धाचं कारण सांगून कोणी संसदेला गप्प बसवलं नाही. आणि पंतप्रधान झाले ते कोण, तर पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केला म्हणून तुरुंगात गेलेले माजी पत्रकार.

तिथे अध्यक्षांची खुर्ची नीट पाहा, घाईने पुढे सरकू नका. कोरीव ओकची ही उंच खुर्ची म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या खुर्चीची प्रतिकृती, तिकडून भेट आलेली. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाचं लाकूडही तिच्यात आहे. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचं हाउस ऑफ कॉमन्स बेचिराख झालं, त्यात मूळ खुर्ची गेली. प्रतिकृती इथे राहिली. युद्धानंतर कॉमन्सचं सभागृह पुन्हा उभं राहिलं तेव्हा ऑस्ट्रेलियाने तिकडे नवी खुर्ची भेट पाठवली.

१९३९ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं म्हणून आपणही उतरलो, असं मेन्झीजनी रेडिओवरून सांगितलं होतं. भारताला तर व्हाइसरॉयने न विचारताच युद्धात ओढलं आणि मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानविरुद्धचं युद्ध मात्र ऑस्ट्रेलियाने स्वतः जाहीर केलं. २७ डिसेंबरला कर्टिननी मेलबर्नच्या 'हेरल्ड'मध्ये उघड लिहिलं, की आता आमची नजर अमेरिकेकडे आहे. आपण मराठी माणसांनी ही तीन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

भवनाच्या पायऱ्यांवरून थेट समोर, तळ्यापलीकडे युद्धस्मारक दिसतं. मधलं तळं १९६० च्या दशकातलं. १९४१ मध्ये तिथे मोलोंग्लो नदी आणि मोकळी कुरणं होती. चालत जायचं तर पुलावरून वळसा पडतो, वयस्कर माणसं बरोबर असतील तर बस घ्या. साधं बँकेचं कार्ड टेकवलं की चालतं.

स्मारकाचं उद्घाटन ११ नोव्हेंबर १९४१ ला झालं. पहिल्या युद्धातल्या मृतांसाठी आखलेली वास्तू दुसरं युद्ध पेटलेलं असताना उघडली. आठच दिवसांनी 'सिडनी' ही युद्धनौका पश्चिम किनाऱ्यापलीकडे बुडाली. ६४५ जण होते, एकही वाचला नाही. नौकेचे अवशेष सापडले २००८ मध्ये. मृतांच्या नावांच्या काशाच्या पाट्यांवर हुद्दे नाहीत, नावं तुकडीप्रमाणे आणि जहाजाप्रमाणे आहेत, त्यामुळे 'सिडनी' लगेच सापडते. बाजूच्या फटींत लोकांनी खोचलेली लाल पॉपीची फुलं असतात. प्रवेश मोफत आहे, पण वेळ आधी ऑनलाइन घेऊन ठेवा. दिवस संपताना रोज एका मृताची कहाणी वाचली जाते, ती चुकवू नका. मुक्काम करा म्हणालो तो यासाठीच. परतीची बस धरायची असेल तर हे हुकतं.

दुसऱ्या सकाळी बार्टनमधल्या कुराजोंग हॉटेलकडून जुन्या संसद भवनाकडे चालत या. वाटेत कर्टिन आणि त्यांचे अर्थमंत्री बेन चिफ्ली बोलत निघाल्याचा ब्राँझचा पुतळा आहे. रस्ता सपाट आहे, सगळ्यांना जमेल. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर जाड कोट, कानटोपी हवीच. रात्री पारा शून्याखाली जातो.

संसदेचं अधिवेशन चालू असेल तर नव्या भवनात दुपारी दोनचा प्रश्नोत्तरांचा तास पाहा, जागा आधी राखून. आणि निघण्यापूर्वी घरीच राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' हे संकेतस्थळ उघडा. ४ ऑक्टोबर १९४१ ची वर्तमानपत्रं तिथे फुकट वाचता येतात. आदल्या दिवशीच्या मतदानाची बातमी वाचून त्या सभागृहात जा.